बद्रीनाथच्या गाडीचा मागचा दिवा

जहांआराबी दुकानात पहिल्यांदा बसली, ती डबा द्यायला गेली होती म्हणून. पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून, एका कडुनिंबाखाली तिच्या नवऱ्याची मोटारसायकलींच्या वायरिंगची टपरी होती. नूरमोहम्मद तिथं पस्तीस वर्षं हॉर्न, दिवे, इंडिकेटर, बॅटऱ्या दुरुस्त करत आला होता. भरला डबा द्यायचा, आदल्या दिवशीचा रिकामा घ्यायचा आणि घरी परतायचं, यापलीकडे तिचा त्या टपरीशी संबंध नव्हता. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "जरा बस."

"का?"

"बस म्हटलं ना. चहा पिऊन जा."

ती स्टुलावर बसली. शेजारच्या हॉटेलवाल्या रामकिसननं दोन कट चहा आणून ठेवले. नूरमोहम्मदच्या हातात एका गाडीच्या हँडलाखालून काढलेला वायरींचा गुच्छ होता. त्यातली एक वायर त्यानं बराच वेळ उजेडाकडे धरली, डोळ्यांजवळ आणली, लांब नेली. मग सहज विचारल्यासारखं केलं, "ही बघ गं. नारिंगी हाय का तपकिरी?"

तिनं वायरीकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे पाहिलं. त्याला शुगर होती हे तिला ठाऊक होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात दोनदा जाऊन आला, हेही ठाऊक होतं. 'थेंब दिलेत, होईल बरं,' एवढंच त्यानं घरी सांगितलं होतं. खरं काय ते तिला त्या एका प्रश्नात कळलं.

"नारिंगी," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि कामाला लागला. चहा संपला तरी ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती एकच्या ऐवजी सकाळी दहालाच आली.

जहांआराबी मूळची पैठणची. लहानपणी घराशेजारी पैठणी विणणाऱ्यांचा माग होता आणि तिथं ती रेशमाच्या कांड्या भरायला बसायची. त्यामुळं रंगांच्या बाबतीत तिचा डोळा फार चोख, आणि जीभ त्याहून चोख. नूरमोहम्मदला सरळ उत्तर मिळायचं नाही.

"निळी का?"

"निळी नाय. आकाशी."

"आकाशी म्हणजे निळीच ना."

"निळी येगळी. ही धुतलेली आकाशी हाय. अन् तुमच्या डाव्या हातातली हिरवी नाय, ती पोपटी. ऊन लागून उडालीय."

"अगं, मला साडी नाय विणायची. इंडिकेटर जोडायचाय."

रामकिसन हॉटेलाच्या ओट्यावरून हे ऐकायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "जरा थांबा, आत रंग ठरायलेत."

गिऱ्हाइकांना कळलं नाही की नूरमोहम्मदला रंग दिसत नाहीत. त्यांना वाटलं, म्हातारपणी बायको सोबतीला येऊन बसते. त्याचे हात तर पहिल्यासारखेच चालायचे. स्क्रू बोटांनी ओळखायचा, पाने नंबरासकट हाताला यायचे. इंडिकेटरचा फ्लॅशर नुसता ऐकून सांगायचा की मागचा एक बल्ब गेलाय, म्हणून टिकटिक घाईची होतेय. पुण्याला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा मुनीब फोनवर म्हणायचा, "अब्बा, बस झालं आता, घरी बसा." नूरमोहम्मद म्हणायचा, "घरी बसून काय करू, तुझ्या अम्मीशी भांडू?" आणि जहांआराबी मागून म्हणायची, "ते दुकानात बसून पण होतं."

असं वर्ष गेलं, दुसरं गेलं. या काळात ती शिकत होती. पण शिकतेय हे तिचं तिला कळत नव्हतं, त्यालाही नव्हतं. हिरवी वायर म्हणजे अर्थ, म्हणजे करंट माघारी नेणारी. हिरवीवर पिवळी पट्टी असेल तर ब्रेकच्या दिव्याची. नारिंगी डावा इंडिकेटर, आकाशी उजवा, तपकिरी मागचा साधा दिवा. कंपनी बदलली की रंग बदलतात, तेही तिच्या ध्यानात राहू लागलं. सुरुवातीला वायर सोलून द्यायची, मग कथील लावून द्यायची, मग जोड मारायची. तिचे जोड त्याच्यापेक्षा बारीक यायचे. तो बोटं फिरवून पाहायचा आणि काही बोलायचा नाही, आणि तो बोलला नाही म्हणजे काम पसंत आहे, हे तिला पस्तीस वर्षांच्या स्वयंपाकावरून माहीत होतं.

मागच्या हिवाळ्यात बद्रीनाथ आपली गाडी घेऊन आला. बद्रीनाथ मिटमिट्याचा दूधवाला. दोन बाजूंना दोन कॅन अडकवून पहाटे अंधारात निघायचा, रामकिसनच्या हॉटेलाला दूध घालायचा आणि पुढं छावणीकडे जायचा. गाडी बारा-तेरा वर्षांची, इंजिनानं धडधाकट, बाकी सगळीकडून खिळखिळी. मागचे दोन्ही इंडिकेटर कॅनच्या धक्क्यानं मोडून लोंबत होते आणि ब्रेकचा दिवा कधी लागायचा, कधी नाही.

"नूरभाई, द्वारका रोज कुरकुर करती," तो म्हणाला. द्वारकाबाई त्याची बायको. "म्हणती, मागचे दिवे नीट करा, न्हाय तर अंधाराचं जाऊ नका. आता म्हशीला सांगू का, उजाडल्यावर दूध दे म्हणून?"

नूरमोहम्मदनं मागची लाल काच उतरवली, बल्ब काढला, कानाशी नेऊन हलवला. तार तुटल्याची किणकिण आली. होल्डर बोटानं चाचपला, आत गंज लागला होता. "बल्ब गेला अन् होल्डर बी," तो म्हणाला. नवा होल्डर बसवला, नवा बल्ब घातला, दोन्ही बाजूंना नवे इंडिकेटर लावले. जुने लोखंडी दांड्याचे होते, नवे प्लास्टिकच्या दांड्याचे मिळाले. त्यांच्या हिरव्या वायरी त्यानं जहांआराबीला रंग विचारून जुन्या हिरव्या वायरीला जोडून दिल्या. मग बद्रीनाथला ब्रेक दाबायला सांगितला.

"लागला ना?"

"लागला की," बद्रीनाथ म्हणाला. दुपारचं ऊन होतं, आणि ब्रेकवर पाय ठेवून तो मान वळवून जेवढं दिसेल तेवढं पाहत होता.

जहांआराबी त्या वेळी गाडीच्या पुढच्या बाजूला खाली बसून हत्यारं पुसत होती. बद्रीनाथनं ब्रेक दाबला आणि तिला पुढच्या डाव्या इंडिकेटरच्या काचेत काहीतरी दिसलं. अगदी मंद, राखेखालच्या निखाऱ्यासारखं. ब्रेक सोडला, तसं ते विझलं. पुन्हा दाबला, पुन्हा आलं.

"ऐका ना," ती म्हणाली. "ब्रेक दाबला की हिकडं पुढचा इंडिकेटर पेटल्यासारखा दिसतोय."

"ब्रेकचा अन् पुढच्या इंडिकेटरचा काय संबंध?" नूरमोहम्मद म्हणाला. "काचेवर ऊन पडलं असंल."

ती पुन्हा हत्यारं पुसू लागली. हा माणूस पस्तीस वर्षं हे काम करतोय, आपण रंग सांगायला बसणारी, आपल्याला काय कळतं, असं तिला वाटलं. बद्रीनाथ गाडी घेऊन गेला.

अकरा-बारा दिवसांनी रामकिसननं चहा आणून ठेवला आणि तो तसाच उभा राहिला.

"तीन दिस झाले, दुसऱ्याकडून दूध घ्यायलोय," तो म्हणाला. "बद्रीभाऊ पडला. मिटमिट्याच्या अलीकडं मागून पिकअपवाल्यानं धक्का दिला. हात मोडलाय मनगटात. दूध सगळं रस्त्यावर गेलं. पिकअपवाला म्हणला, मला मागचा दिवाच दिसला नाय."

नूरमोहम्मदनं हातातली पक्कड खाली ठेवली. रामकिसन जाईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "मी लावला होता दिवा. लागला होता. तू बी होतीस."

जहांआराबीला तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तोंड उघडेना. जेवायची वेळ झाली. तिनं डबा उघडला, भाकरी मोडून त्याच्या हातात दिली. तो घास घेईना, तीही घेईना. शेवटी ती म्हणाली, "मुनीबचे अब्बा, त्या दिवशी ते ऊन नव्हतं."

"काय?"

"पुढचा इंडिकेटर. निंबाची सावली होती पुढं, ऊन कुठून पडणार? मी दोनदा बघितलं. दिवा पेटतच होता, बारीक. तुम्ही म्हणालात ऊन, म्या म्हटलं असंल ऊन."

तिला वाटलं, तो रागवेल. तो रागवला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं नुसतं विचारलं, "ब्रेक सोडला की विझायचा?"

"व्हय."

"अन् दाबला की परत?"

"व्हय."

त्यानं डोळे मिटले. आता त्याला सगळी वायरिंग डोक्यात दिसत होती. "अर्थ नाय मिळाला त्याला," तो हळूच म्हणाला. "करंटला माघारी जायला वाट नाय, म्हणून मागच्या इंडिकेटरमधून घुसून पुढं चालला होता. बल्ब बी मरणाचा मंद पेटला असंल. मला कळलाच नाय. मला तर नुसता लाल धब्बा दिसला, म्हटलं लागला." मग थोडं थांबून म्हणाला, "जुने इंडिकेटर लोखंडी होते. त्यांच्या दांड्यातून थोडा तरी अर्थ मिळायचा. म्या प्लास्टिकचे लावले अन् ती बी वाट बंद केली."

"म्या बोलायला पाहिजे होतं."

"तू बोललीस. म्या ऐकलं नाय."

त्यानं भाकरी परत डब्यात ठेवली. "हत्यारं घे," तो म्हणाला. "दुकान बंद कर."

दोघं रिक्षानं मिटमिट्याला गेले. नूरमोहम्मदच्या मांडीवर हत्यारांची पिशवी होती आणि जहांआराबीच्या मांडीवर वायरीचं भेंडोळं. वाटेत तो एकदाच बोलला. "त्यांनी काही म्हटलं तर ऐकून घ्यायचं."

बद्रीनाथ अंगणात बाजेवर बसला होता, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. गोठ्याशेजारी गाडी उभी होती. मागचा मडगार्ड वाकला होता, लाल काच तडकली होती. द्वारकाबाई म्हशीला वैरण टाकत होती. पाहुणे दिसताच तिनं हात धुतले आणि पाणी आणलं.

"नूरभाई, तुम्ही कशाला तरास घेतला?" बद्रीनाथ उठू लागला.

"बस," नूरमोहम्मद म्हणाला. "बद्रीभाऊ, चूक माझी हाय. तुझा दिवा नीट लागलाच नव्हता. मला दिसत नाय आता. दोन वर्षं झाली, वायरीचे रंग दिसत नाहीत. एक डोळा तर गेल्यातच जमा हाय. म्या कुणाला सांगितलं नाय."

द्वारकाबाई तांब्या हातात धरून उभी राहिली. म्हैस तेवढी वैरण खात होती. जहांआराबी मान खाली घालून उभी होती. दोन वर्षांत हे वाक्य त्यानं तिच्यापाशीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं.

द्वारकाबाईनं पदर खोचला. राग तिच्या चेहऱ्यावर होता, आणि तिला तो यायलाच हवा होता. "भाऊ, दोन वर्षं लपवलं तुम्ही? ह्यांचं डोकं फुटलं असतं तर?"

"फुटलं असतं," नूरमोहम्मद म्हणाला. "त्यासाठीच आलो. तुम्ही बोला."

तिला आणखी बोलायचं होतं, पण समोरचा माणूस एवढं सरळ कबूल करून उभा राहिल्यावर बोलणं पुढं जाईना. बद्रीनाथ म्हणाला, "अगं, त्या पिकअपवाल्याची बी चूक होती. फोनवर बोलत होता त्यो."

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही तर सगळ्यांनाच माफ करता," द्वारकाबाई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

नूरमोहम्मद गाडीजवळ उकिडवा बसला. हत्यारांची पिशवी त्यानं जहांआराबीपुढं सरकवली. "तू कर."

"मी?"

"तूच. मी बसतो इथं. तू सांग काय दिसतंय, अन् या वेळेला मी ऐकतो."

तिनं दहा-बाराचा पाना घेतला. सीटचे नट गंजले होते. एक निघाला, दुसऱ्याला तेल सोडून वाट पाहावी लागली. सीट उचलली आणि तिच्या नाकाला आंबूस वास आला. वर्षानुवर्षं कॅनमधून सांडलेलं दूध सीटखाली झिरपून वाळलं होतं. तिथंच, चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, एका बोल्टाखाली, हिरव्या वायरीचं टोक दाबलेलं होतं. दाबलेलं म्हणजे काय, बोल्टाभोवती गंजाचा पापुद्रा आणि त्यावर मोरचुदासारखी हिरवट-निळी भुकटी. तिनं नखानं वायर हलवली. ती सरळ हातात आली.

"सुटूनच गेलीय," ती म्हणाली. "बोल्टाला नुसती टेकलेली होती."

"धक्क्यानं लागायची, धक्क्यानं सुटायची," नूरमोहम्मद म्हणाला. "टेस्टिंगचा बल्ब घे. एक टोक बॅटरीच्या प्लसला लाव, दुसरं त्या बोल्टाला. पेटतो का?"

"जरासा."

"आता खरवडून काढ."

तिनं पॉलिशपेपरनं बोल्ट घासला, त्याखालची जागा घासली, लोखंड चांदीसारखं पांढरं दिसेपर्यंत घासली. पुन्हा टोक लावलं. टेस्टिंगचा बल्ब भक्कन पेटला, आणि तिच्या तोंडावरचा आनंद बद्रीनाथला बाजेवरून दिसला. हिरव्या वायरीचं सडकं टोक तिनं कापलं, नवं गोल थिंबल, म्हणजे बोल्टात बसणारी तांब्याची कडी, दाबून कथील लावलं, ग्रीस लावून बोल्ट आवळला. मग थांबून विचार केला.

"ह्याच्यावर परत दूध सांडणार," ती म्हणाली. "बद्रीभाऊ काही दूध घालायचं सोडत नाहीत. मी अजून एक हिरवी वायर टाकते, होल्डरपासून सरळ बॅटरीच्या मायनसला. एक सुटली तर दुसरी राहील."

पस्तीस वर्षांत असं नूरमोहम्मदनं कुणाच्या गाडीला केलं नव्हतं. कारण नवी वायर खेचायची म्हणजे मडगार्डपासून बॅटरीपर्यंत सगळं खोलायचं, अर्धा तास जास्त. "टाक," तो म्हणाला. "बारीक नको, जाडी वापर."

तिनं दुसरी वायर ओढली, चासीला पट्ट्यांनी बांधली, तडकलेली काच उतरवून पिशवीतून आणलेली नवी बसवली. वाकलेल्या मडगार्डवर डावा इंडिकेटर तिरपा राहिला होता, तो बद्रीनाथनं एका हातानं दाबून धरला आणि तिनं सरळ केला. मागच्या ब्रेकचा स्विच तपासला, त्याची स्प्रिंग ढिली होती, ती दोन वळणं आवळली. आता पेडल जरा दाबलं तरी दिवा लागायला हवा होता.

पण अंगणात तीनचं ऊन पसरलं होतं. त्यात दिवा किती पेटतो ते कुणालाच नीट दिसेना. "अशानंच फसलो," नूरमोहम्मद म्हणाला. द्वारकाबाई आत गेली आणि एक गोधडी घेऊन आली. तिनं ती गाडीच्या मागच्या अंगावर टाकली, आणि दोघी बायका खाली वाकून तिच्यात शिरल्या. बद्रीनाथनं पायानं ब्रेक दाबला.

"लागला," आतून द्वारकाबाईचा आवाज आला. "लई लागला. डोळे दिपले."

"पुढं बघा, पुढं," नूरमोहम्मद म्हणाला. "पुढचा इंडिकेटर."

जहांआराबी गोधडीतून बाहेर आली, पुढं गेली, काचेवर दोन्ही हातांची सावली धरली आणि डोळा लावला. "काळा. काहीच नाय." मग डावा, उजवा, दोन्ही चालवून पाहिले. फ्लॅशरची टिकटिक सावकाश, सारख्या अंतरानं येत होती. ते नूरमोहम्मदनं ऐकलं आणि मान हलवली.

"तुम्ही पण बघा," ती म्हणाली.

"मला काय दिसणार?"

"या तर."

तिनं त्याचा हात धरून त्याला गोधडीखाली नेलं. आत अंधार होता, कापसाचा आणि धुराचा वास होता. बद्रीनाथनं ब्रेक दाबला. नूरमोहम्मदनं तोंड दिव्याच्या अगदी जवळ नेलं, वीत-दीड वितीवर.

"दिसतंय?"

"लाल हाय," तो म्हणाला. "लालच हाय ना?"

"व्हय. डाळिंबाच्या दाण्यासारखा."

तो गोधडीत हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते, आणि ते पुसायला त्यानं हत्यारांचाच फडका वापरला, त्यामुळं गालावर काळं लागलं. जहांआराबीनं पदरानं ते पुसून काढलं, द्वारकाबाईच्या देखत, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

द्वारकाबाईनं चहा दिला. नूरमोहम्मदला बिनसाखरेचा लागतो, हे तिनं डोळ्यांचं ऐकून न विचारता ओळखलं. निघताना तिनं जहांआराबीच्या हातात दह्याचं मडकं ठेवलं. "भाभी," ती म्हणाली, "इथून पुढं ह्यांची गाडी तुमच्याकडंच येईल. भाऊंना हात लावू देऊ नका."

"त्यांच्याच हातानं शिकले मी," जहांआराबी म्हणाली.

"ते खरं. पण बघणार तुम्ही."

नूरमोहम्मद फाटकापाशी उभा राहून ऐकत होता. त्याला लागलं असेल, पण तो नाही म्हणाला नाही.

बद्रीनाथचं प्लास्टर निघायला सहा आठवडे लागले. तोवर द्वारकाबाईच्या भावानं दूध पोचवलं. आणि टपरीवर एक नवी रीत सुरू झाली. गाडी आली की नूरमोहम्मद गिऱ्हाइकाला आधीच सांगायचा, "माझी नजर गेलीय. काम माझी बायको करती, मी बाजूला बसतो. चालत असंल तर गाडी लावा." काही जण कसनुसं हसून पुढं गेले. एक जण तर म्हणाला, बाईमाणसाला वायरिंग काय कळणार. बहुतेक जण थांबले, कारण पुढचा वायरिंगवाला थेट छावणीत होता, आणि थांबले ते पुढं सांगत गेले.

आता ती वाकते, सोलते, जोडते, आणि तो शेजारी बसून कान देतो. भांडण रोज होतं. परवा एका मुलीची स्कूटर आली, मागचा डावा इंडिकेटर बंद. नूरमोहम्मद आवाज ऐकून म्हणाला, बल्ब गेला. जहांआराबी म्हणाली, बल्ब चांगला हाय, वायर दबलीय. तो म्हणाला, फ्लॅशर घाईत वाजतोय म्हणजे बल्बच. ती म्हणाली, वायर दबली तरी तसाच वाजणार. ती मुलगी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत उभी होती.

"मग उघड आणि बघ," तो शेवटी म्हणाला.

तिनं उघडलं. वायर दबलेली होती. तिनं ती त्याच्या बोटांत दिली, आणि त्यानं अंगठ्यानं चेपलेली जागा चाचपली, दोनदा, तीनदा.

"हौ," तो म्हणाला. "दबलीय." आणि रामकिसनला हाक मारून तीन चहा सांगितले, एक त्या मुलीला.